सकाळी जाऊन रात्री घरी: नागपूरहून एसटी-पॅसेंजरनं फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं पिशवी उचलून एसटीनं कुठंतरी जाऊन येतो. नात्यातले, ऑफिसातले आणि गल्लीतले लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बहुतेक मजकूर नागपूरहून निघणाऱ्यांसाठी आहे. अमरावती-अकोल्याच्या मंडळींनी प्रश्न १७ पाहावा. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिल्या नाहीत, त्या बदलत राहतात. त्या कशा काढायच्या ते प्रश्न ४ मध्ये आहे.

१. एसटीनं कधी फिरलोच नाही. पहिल्यांदा कुठं जावं?

रामटेकला. पन्नासेक किलोमीटर अंतर, दिवसभर गाड्या, आणि चुकलात तरी रात्र स्टँडवर काढावी लागत नाही. कामठी, कन्हान, मनसर करत गाडी जाते. डोंगरावरचा गड मनसरच्या आधीपासूनच दिसू लागतो. गावातून ऑटो गडावर जातात, पण पाय धड असतील तर अंबाळा तलावाच्या बाजूच्या जुन्या पायऱ्यांनी चढा. गर्दी कमी आणि मागं वळून पाहिलं की खाली तलावाकाठची देवळं दिसतात.

वर गेल्यावर सगळे राम-लक्ष्मणाचं दर्शन घेतात आणि खाली येतात. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही पाचव्या शतकातली वाकाटक राजांची देवळं वाटेवरच असून लोकांच्या नजरेतून सुटतात. केवल नरसिंहाच्या देवळातल्या शिलालेखाचा संबंध प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी आहे. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं अभ्यासकांचा एक मोठा वर्ग मानतो, म्हणून वर कालिदासाचं स्मारक आहे.

वानरांचं एक सांगून ठेवतो. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. आमच्या बाईसाहेबांच्या हातातून नारळ घेऊन ते भिंतीवर बसलं आणि आमच्याकडं बघत शांतपणे शेंडी सोलत राहिलं.

२. एकूण खर्च किती येतो?

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या आसपास धरायचा. ४८ किलोमीटर म्हणजे ८ टप्पे, म्हणजे ऐंशीच्या थोडं वर. अंतराला सहानं भागा, दहानं गुणा, वरून पाच-सात रुपये ठेवा: घरबसल्या अंदाज निघतो.

रामटेकला नवरा-बायको जाऊन आले तर बाईंचं अर्धं तिकीट धरून (प्रश्न ६) दोघांचं येणंजाणं अडीचशेच्या आसपास बसतं. त्यात ऑटो, पोहे, चहा आणि दुपारचं जेवण मिळवा. आमचा हिशोब साधारण पाचशेत आटोपतो. डबा घरचा असला तर चारशेही लागत नाहीत.

३. गणेशपेठच्या स्टँडवर गाडी कशी ओळखायची? पाट्या वाचून डोकं फिरतं.

पाटीवर शेवटचं गाव लिहिलेलं असतं, तुमचं नाही. पवनारला उतरायचं असेल तर ‘पवनार’ अशी पाटी शोधत बसू नका, वर्ध्याची गाडी धरा. म्हणून घरून निघण्याआधी आपलं गाव कोणत्या मोठ्या गावाच्या वाटेवर आहे ते बघून ठेवा.

दुसरी गोष्ट: साधी, जलद, विनाथांबा. विनाथांबा गाडी फाट्यावर थांबत नाही. भांडून उपयोग नाही, कारण चूक आपलीच. साध्या गाडीला मात्र ‘हात दाखवा, बस थांबवा’ लागू आहे. चढतानाच कंडक्टरला विचारा, ‘अमुक फाट्यावर थांबते का?’ चढल्यावर नाही. आणि चौकशी खिडकीवर एकाला विचारून झालं की फलाटावर उभ्या दुसऱ्या ड्रायव्हरलाही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर बसा.

४. परतीची गाडी कशी पक्की करायची?

या सगळ्या पानातला खरा प्रश्न हाच. जायची गाडी कोणीही पकडतो. दिवस बिघडतो तो परतीला.

नियम एक: गावात उतरल्या उतरल्या, चहाच्याही आधी, परतीची विचारा. ज्या गाडीतून उतरलात तिच्याच कंडक्टरला विचारा, त्याला मार्ग पाठ असतो. मग स्टँडसमोरच्या टपरीवाल्याला विचारा. भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक वाचायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. काही ठिकाणचा रंग माझ्या कॉलेजच्या दिवसांतला आहे.

नियम दोन: शेवटच्या गाडीवर बेत बांधू नका, तिच्या आधीच्या गाडीवर बांधा. शेवटची हाताशी राखून ठेवायची.

नियम तीन: रविवार वेगळा असतो. खेड्यांतल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी असतात. सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या गाड्या तर मुलींच्या शाळेसाठीच आहेत. शाळेला सुट्टी म्हणजे त्या फेरीलाही सुट्टी. ‘संध्याकाळी गाडी असते’ असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न: ‘रविवारी पण?’

हे मी ठेच खाऊन शिकलो. वैनगंगेकाठच्या एका गावी आम्ही घाटावर बसून राहिलो, कारण ‘साडेसहाची आहे’ असं सोमवार ते शनिवारचं उत्तर मी रविवारी घेऊन आलो होतो. साडेसहा झाले, सात झाले. आठला दोन दिवे दिसले आणि नागपूरची पाटी लावलेली गाडी स्टँडवर आली. मी धावतच दाराशी गेलो. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला, कंडक्टर टिकिटाचं मशीन पेटीत ठेवत म्हणाला, ‘काकाजी, हे मुक्कामी हाय. आता सकाळी साडेपाचले निंगन.’

मुक्कामी गाडी म्हणजे काय ते त्या दिवशी नीट समजलं. ती संध्याकाळी शहरातून निघते, रात्री खेड्यात झोपते आणि पहाटे दूधवाले, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली माणसं घेऊन परत येते. खेड्यातल्या माणसाला एका दिवसात शहर करून यायला ती बांधलेली आहे. आपण नेमके उलट दिशेनं निघालेले असतो. सकाळी पाचेकची गाडी आणि रात्री आठला आलेली गाडी या दोन्ही गावकऱ्यांच्या सोयीच्या, आपल्या नाहीत.

५. तरीही शेवटची गाडी चुकली तर?

गावात थांबू नका, मोठ्या रस्त्याला लागा. रामटेकहून मनसर गाठलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. धापेवाड्याहून कळमेश्वर किंवा सावनेर. पवनीहून भिवापूर-उमरेडचा रस्ता. तिथं लांब पल्ल्याच्या गाड्या रात्रीही जातात. गाव ते महामार्ग एवढाच तुकडा ऑटोनं किंवा कोणाच्या मागं बसून काढायचा असतो. वर सांगितलेल्या रात्री आम्हाला टपरीवाल्याच्या भाच्यानं मोटरसायकलच्या दोन खेपांत फाट्यावर सोडलं आणि पैसे घ्यायला तयार होईना. शेवटी त्याच्या पोरीसाठी बिस्किटांचे पुडे घेतले तेव्हा कुठं मान हलवली.

६. बायकांना अर्धं तिकीट सगळ्या एसटीत आहे का? काही दाखवावं लागतं?

१७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना ५० टक्के सवलत आहे, लालपरीपासून शिवशाहीपर्यंत. उत्पन्नाची अट नाही, पासही लागत नाही. दोन अपवाद लक्षात ठेवा. नागपूरची शहर बस एसटी महामंडळाची नाही, तिला हे लागू नाही. आणि सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच आहे (प्रश्न २३).

७. वडील ७६ चे, आई ७०ची. दोघांचं तिकीट कसं?

वडिलांचं शून्य, आईचं अर्धं. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं भाडं. आई बाई म्हणूनही अर्ध्यात आणि ज्येष्ठ म्हणूनही अर्ध्यात, पण दोन अर्धी मिळून शून्य होत नाही. हा प्रश्न खरंच येतो.

वडिलांनी ‘मला फुकट आहे’ म्हणून गप्प बसायचं नाही. शून्य रुपयांचं तिकीट मशीनमधून निघतं, ते घेऊन खिशात ठेवायचं. आधार कार्ड मूळ न्या. झेरॉक्सवरून कंडक्टरशी हुज्जत घालत सकाळ घालवायला आपण निघालेलो नाही.

रेल्वेत याच्या उलट: ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आलेली नाही. त्यामुळं म्हातारी माणसं सोबत असली की एसटीच स्वस्त पडते.

८. लेकरांचं?

एसटीत आणि रेल्वेच्या जनरल तिकिटात सारखंच: पाचच्या आत काही नाही, पाच ते बारा अर्धं.

९. एसटी बरी की पॅसेंजर?

एकट्या पुरुषाला पॅसेंजर. तिकीट एसटीच्या तुलनेत चणे-फुटाण्याच्या भावात पडतं आणि पाय लांब करता येतात. पण पॅसेंजर-मेमूच्या फेऱ्या मोजक्या, आणि मागून एक्स्प्रेस आली की आपली गाडी बाजूला उभी राहते. हिवाळ्यात उत्तरेकडं धुकं पडलं की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा येतात आणि सगळं वेळापत्रक ढकललं जातं.

माझा शिरस्ता असा: जाताना रेल्वे, येताना एसटी. सकाळी वेळ हाताशी असतो, संध्याकाळी नसतो.

१०. पॅसेंजरचं तिकीट काढून एक्स्प्रेसमध्ये बसलं तर चालतं का? आणि परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवलं तर?

दोन्ही नाही. साध्या गाडीचं तिकीट मेल-एक्स्प्रेसला चालत नाही, सुपरफास्टला त्यावर आणखी १५ रुपये अधिभार आहे. टीसीनं पकडलं तर फरक आणि वरून किमान २५० रुपये दंड. पॅसेंजर चुकली आणि एक्स्प्रेस समोर उभी असली तर खिडकीवर परत जाऊन तिकीट बदलायचं, पळत सुटायचं नाही. वंदे भारतला जनरल डबाच नसतो.

१९९ किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीनं निघण्यासाठी असतं. म्हणून संध्याकाळचं तिकीट संध्याकाळीच. मोबाइलवर रेल्वेच्या ‘रेलवन’ अ‍ॅपमधून काढत असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. रुळांजवळ उभं राहिलं की पेपरलेस तिकीट निघत नाही. मग स्टेशनवर लावलेला क्यूआर शोधत फिरावं लागतं.

११. सेवाग्रामला जायचं तर उतरायचं कुठं, वर्धा की सेवाग्राम?

दोन्ही स्टेशनं जवळजवळ आहेत आणि दोन्हीकडून आश्रम सहा ते आठ किलोमीटर. मुंबईकडं जाणाऱ्या बहुतेक गाड्या वर्ध्याला थांबतात, बल्लारशाह-चेन्नईकडच्या सेवाग्रामला. जी आधी मिळेल ती घ्या. सेवाग्राम स्टेशन म्हणजे आश्रम नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. बाहेर शेअर ऑटो असतात. एसटीनं गेलात तर वर्ध्याच्या स्टँडवरून पुढं.

गांधीजी १९३६ मध्ये इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं. आजही फोनवर ‘शेगाव’ आणि ‘सेवाग्राम’मध्ये गोंधळ घालणारे पाहुणे आम्हाला आहेत, तेव्हा टपाल खात्याला हसू नये.

आश्रमात दोन तास ठेवा. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास. बापू कुटीत चप्पल काढून शिरलात की शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा तळव्यांना लागतो, मे महिन्यातसुद्धा. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठावाची ताडाची झाडं काढलेली आहेत. ती हातानं चाचपून बघावीशी वाटतात, पण चाचपू नका. बाजूच्या खोलीत व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेल्या टेलिफोनची जागा आहे, आणि साप पकडायचा लाकडी चिमटा व पिंजरा. साप मारायचे नाहीत, पकडून लांब सोडायचे, अशी रीत होती. आमच्या पोरानं टेलिफोनकडं पाहिलंही नाही, चिमट्यापाशी वीस मिनिटं उभा होता.

१२. त्याच दिवशी पवनारही होतं का?

आरामात. पवनार नागपूर-वर्धा रस्त्यावरच, वर्ध्याच्या अलीकडं आहे. म्हणून सकाळी वर्धा-सेवाग्राम आणि परतताना पवनार असा क्रम लावा. धाम नदीच्या काठावर विनोबांचा परमधाम आश्रम, तिथंच १९५९ पासून बहिणींचं ब्रह्मविद्या मंदिर. आश्रमाची जमीन खणताना निघालेल्या वाकाटककाळच्या मूर्ती तिथं लावल्या आहेत. रामटेक पाहून आलेल्यांना त्या जास्त बोलतात. संध्याकाळी रस्त्यावर येऊन नागपूरच्या साध्या गाडीला हात दाखवायचा. अंधार पडायच्या आधी या, अंधारात ड्रायव्हरला हात दिसत नाही.

वर्ध्यातच थांबायचं असेल तर मगन संग्रहालय (१९३८) आणि गीताई मंदिर पाहा. लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांना खुलं केलं होतं. येताना गोरसपाक घ्या. घरी पोचेपर्यंत डबा अर्धा होतो.

१३. रामटेकसोबत नगरधन आणि मनसर जोडता येतं का?

येतं, पण दोन्ही एका दिवसात जोडू नका. नगरधनचा किल्ला रामटेकपासून आठ-नऊ किलोमीटर. आजचं बांधकाम बरंच नंतरचं आहे, मात्र वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती इथंच. किल्ल्यात विहिरीसारख्या खोलगट जागेत जमिनीखाली देऊळ आहे, तिथं उतरताना उकाड्यातही अंग शहारतं. ऑटो ठरवताना जाणं-थांबणं-येणं असं एकत्र ठरवा, नाहीतर तो सोडून निघून जातो आणि आपण रस्त्यावर. मनसरचं उत्खनन महामार्गालगत आहे, ते दुसऱ्या खेपेला येताजाता बघा. मनसरला उतरलात की ते तिकीट संपलं, पुढं दुसरं (प्रश्न २२).

१४. म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार नको. देवदर्शन आणि थोडी हवा, एवढंच हवं.

धापेवाडा आणि आदासा, कळमेश्वर-सावनेरच्या बाजूला. धापेवाड्याला चंद्रभागा नावाचीच नदी आहे आणि काठावर विठ्ठल, म्हणून त्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. आषाढी आटोपली की गुरुपौर्णिमेला विठोबा पंढरपूरहून इथं येतो अशी श्रद्धा आहे, त्या सुमाराला मोठी यात्रा भरते. तेव्हा म्हाताऱ्यांना नेऊ नका. आदासाच्या टेकडीवरचा शमी गणेश जवळच. टेकडी बुटकी आहे. चतुर्थी टाळा.

१५. गर्दी नसलेलं, जुनं काहीतरी सुचवा.

पवनी. हे गाव दोन हजार वर्षांपेक्षा जुनं आहे आणि त्याचा गाजावाजा कोणीच करत नाही. एका अंगाला मातीचा प्रचंड तट, त्यातलं दगडी द्वार, दुसऱ्या अंगाला वैनगंगेचे घाट. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं खोदलं तेव्हा मोठा बौद्ध स्तूप निघाला. मातीच्या ढिगाऱ्यापलीकडं फार दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. घाटावर बसायला जा. उमरेड-भिवापूर मार्गे एसटी. परतीचं प्रश्न ४ वाचूनच.

आंभोऱ्याबद्दलही विचारतात. कुहीच्या बाजूला वैनगंगेवर पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वर, आणि केबलवरचा नवा पूल. जागा सुंदर, फेऱ्या कमी. चारचौघं मिळून कुहीहून ऑटो केला तर परवडतं.

रेल्वेनं जायचं असेल तर भांदक स्टेशनला उतरून भद्रावती. जैनांचं पार्श्वनाथ मंदिर, भद्रनागाचं देऊळ आणि गावालगतची विजासन लेणी, तिन्ही एका ऑटोत होतात. पहाटे निघायची तयारी असेल तरच.

१६. शकुंतला चालू आहे का? आणि नागभीडची छोटी गाडी?

दोन्ही नाहीत. मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरची छोटी रेल्वे, म्हणजे शकुंतला, बंद पडून बरीच वर्षं झाली. नागपूर-नागभीड नॅरोगेज ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ ला बंद केली. फोटोत दिसणाऱ्या गाडीच्या मागं लागून मूर्तिजापूरला जाऊ नका, रुळांवर बाभळी आहेत.

नवीन मात्र एक आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावं लागतं. गाडी त्या दिवशी आहे की नाही ते आधी बघा, नसेल तर यवतमाळची एसटी कळंबवरूनच जाते.

१७. आम्ही अमरावती-अकोल्याचे. आमच्यासाठी?

अमरावतीकरांना कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठावर रुक्मिणीचं माहेर. इथली पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते, १५९४ पासूनची परंपरा सांगतात. तिवस्याकडून किंवा कुऱ्ह्याकडून पोचता येतं. चिखलदराही तुम्हाला एका दिवसात जमतो: पहाटे परतवाडा, तिथून घाटाची गाडी. मात्र पावसाळ्यातला शनिवार-रविवार सोडून, कारण घाटात मोटारींची रांग लागली की एसटीही त्याच रांगेत.

अकोल्याहून शेगाव रेल्वेनं तासाभराच्या आतबाहेर. दर्शन, महाप्रसाद, परत. गुरुवार आणि एकादशी नको. नागपूरकरांनी शेगाव करायचं तर रात्रीच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या रात्री परतावं, लॉजचा खर्च वाचतो.

१८. नागपूरहून एका दिवसात लोणार, चिखलदरा, मार्कंडा, ताडोबा?

नाही. लोणार आणि चिखलदऱ्याला येण्याजाण्यातच दिवस सरतो. मार्कंड्याला चंद्रपूर किंवा गडचिरोलीत मुक्काम करून जा. ताडोबाच्या मोहर्ली गेटापर्यंत चंद्रपूरहून एसटी जाते, पण आत एसटी जात नाही आणि जिप्सीचे पैसे ‘स्वस्तात’ या शब्दात बसत नाहीत. शिवाय मंगळवारी बंद.

१९. उन्हाळ्यात जावं का?

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत मी जात नाही. पंचेचाळीस अंशांत खिडकीतून येणारी झळ म्हणजे भट्टीचं दार. जाणं भागच असेल तर पहाटेची पहिली गाडी आणि बारापर्यंत घर. डोक्याला ओला दुपट्टा, पिशवीत कांदा, दोन लिटर पाणी. डोंगर नको, सेवाग्रामसारखी झाडाखालची जागा बघा.

पावसाळ्यात उलटी भीती. खेड्याच्या रस्त्यावरच्या नाल्याला पूर आला की गाडी अलीकडंच थांबते, आणि थांबलीच पाहिजे. अशा वेळी ‘काढा ना भाऊ, एवढंसं तर पाणी आहे’ म्हणणारा प्रवासी प्रत्येक गाडीत एक असतो. तो आपण नसावं.

२०. कोणते दिवस टाळावेत?

आषाढीच्या आधीचा आठवडा: गाड्या पंढरपूरला जातात, खेड्यातल्या फेऱ्या कापल्या जातात. मतदानाचा आदला दिवस आणि मतदानाचा दिवस: गाड्या निवडणुकीच्या कामाला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, त्या दोन-तीन दिवसांत नागपूरच्या स्टेशन-स्टँडवर त्यांना जागा राहू द्या. भाऊबीज सांगायलाच नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, इतवारी स्टेशन गाठणं कठीण.

गावाचा आठवडी बाजार मात्र टाळू नका. गाडीत उभं राहावं लागेल, मांडीवर कोणाची तरी मेथीची जुडी येईल, पण त्या दिवशी काळीपिवळ्या (शेअर जीप-टॅक्स्या) भरपूर असतात. म्हणजे परतीची चिंता मिटते.

२१. खायचं काय? आणि स्वच्छतागृहाचं कसं?

सकाळी गणेशपेठला तर्री पोहे. ते पोटात असले की दोनपर्यंत बघायला नको. तालुक्याच्या स्टँडवर आलूबोंडा-रस्सा मिळतो. रस्सा उकळताना दिसत असेल तरच घ्या. हिवाळ्यात कुठं सांबारवडी (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) दिसली तर वाट वाकडी करा. जेवण मी घरून नेतो: तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि ठेचा, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. काटोल-कळमेश्वरच्या रस्त्यावर हंगामात संत्री टोपलीनं मिळतात, पण टोपली घेऊन दोन गाड्या बदलायच्या आहेत हे विसरू नका.

स्वच्छतागृहं डेपोच्या स्टँडवर असतात, फाट्यावर नसतात. बायका सोबत असल्या किंवा बाई एकटी निघाली तर मोठ्या स्टँडवरून मोठ्या स्टँडपर्यंत असाच बेत आखा, आणि परतीला अंधारात फाट्यावर उभं राहावं लागेल अशी ठिकाणं पहिल्या खेपेला सोडा. गाडीत पुढं, कंडक्टरच्या जवळची जागा.

२२. मध्ये उतरून त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसता येतं का?

स्वतःच्या मर्जीनं उतरलात तर नाही. गाडी बिघडली तर हो. कंडक्टर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतो, पुन्हा पैसे द्यायचे नाहीत. म्हणून तिकीट उतरेपर्यंत फेकू नका. यूपीआयनं पैसे दिले तरी कागदी तिकीट घ्या. आणि थोडी चिल्लर ठेवाच, गावात शिरलं की नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही.

‘आवडेल तेथे प्रवास’ पासाचंही विचारतात. तो सलग चार किंवा सात दिवसांचा असतो. एक दिवस जाऊन येणाऱ्याला काही फायदा नाही. चाळीस-पन्नास जणांची सहल असेल तर डेपोत जाऊन ‘प्रासंगिक करार’ विचारा, अख्खी गाडी मिळते आणि परतीची चिंताच नाही.

२३. जामसांवलीच्या हनुमानाला जायचं आहे. बायकोचं अर्धं आणि वडिलांचं फुकट तिथंही चालेल?

अर्धवट चालेल. जामसांवली सौंसरजवळ, मध्य प्रदेशात. एसटी असेल तर सवलत महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत, पुढच्या टप्प्यांचं पूर्ण भाडं. ७५ वरच्यांनाही पुढचे पैसे पडतात. खासगी किंवा मध्य प्रदेशातली गाडी असेल तर सवलतीचा प्रश्नच नाही. स्वस्त पर्याय म्हणजे इतवारीहून छिंदवाड्याच्या बाजूची रेल्वे धरून सौंसरला उतरणं आणि तिथून ऑटो. मंगळवार-शनिवारी ऑटो भरपूर, इतर दिवशी जाताना ऑटोवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.